भार तोच, मग आज का तुटलं?

पूल कोसळला, क्रेनचा दोर तुटला, उंच फलक आडवा झाला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: ‘क्षमतेपेक्षा जास्त भार आल्यामुळे’. वाचणारा बुचकळ्यात पडतो. कालपर्यंत तेवढ्याच गाड्या, तेवढीच माणसं तिथून जात होती. मग आजच काय झालं? आणि ही क्षमता म्हणजे एखादा ठरलेला आकडा असतो का, की तो ओलांडला रे ओलांडला की वस्तू मोडते?

असा एकच आकडा नसतो. आपण सहज ‘मजबूत’ म्हणून जातो तेव्हा किमान तीन वेगळे गुण एकाच शब्दात कोंबतो: वस्तू किती जोर सोसेल, त्या जोराखाली किती वाकेल, आणि मोडण्याआधी किती ताणून घेईल. यातल्या एकात अव्वल असलेला पदार्थ दुसऱ्यात अगदी कच्चा असू शकतो. शिवाय वस्तूचा आकार, जोराची दिशा आणि तो जोर किती वेळा आला, यावरही सगळं अवलंबून असतं. यंत्र अभियांत्रिकीतला ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ हा विषय नेमकं हेच शिकवतो. विद्यार्थी त्याला घाबरतात ते गणितामुळे. गाभा मात्र कुणालाही समजेल असा आहे आणि तो समजायलाच हवा, कारण आपण रोज कशावर तरी विसंबून उभे असतो.

जोर किती, आणि तो किती जागेवर वाटला गेला

बारीक तारेला आणि जाड सळईला सारखंच वजन टांगलं, तर बाहेरून भार सारखा असतो, पण आतली परिस्थिती वेगळी असते. सळईत तो भार मोठ्या छेदावर वाटला जातो, तारेत तो इवल्याशा छेदाला सोसावा लागतो. भाराला छेदाच्या क्षेत्रफळाने भागलं की येतं ते प्रतिबल, म्हणजे इंजिनियर ज्याला स्ट्रेस म्हणतात ते. ते मोजायचं एकक आहे न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. एक किलो वजन म्हणजे साधारण १० न्यूटन, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे आकडे सहज कळतील. दुसरी संज्ञा विकृती, म्हणजे स्ट्रेन: मूळ लांबीच्या मानाने वस्तू किती लांबली किंवा आखूड झाली, ते प्रमाण.

आता एक तार घेऊ. साध्या, कमी कार्बनच्या मऊ पोलादाची, एक मीटर लांब, छेद बरोबर एक चौरस मिलीमीटर. वरचं टोक पक्कं बांधलं आणि खाली १० किलो टांगले. प्रतिबल झालं १००. तार लांबते अर्धा मिलीमीटर. डोळ्यांना ते कळणारही नाही. २० किलो टांगले तर एक मिलीमीटर. वजन काढलं की तार पुन्हा मूळ लांबीवर येते. भार दुप्पट तर लांबी वाढण्याचं प्रमाणही दुप्पट, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये उघड केला. त्याआधी १६७६ मध्ये त्याने तो अक्षरं उलटसुलट करून, कोड्याच्या रूपात छापला होता, कारण शोधाचं श्रेय दुसऱ्या कुणी नेऊ नये. प्रतिबल भागिले विकृती हा आकडा प्रत्येक पदार्थासाठी जवळपास ठरलेला असतो. थॉमस यंगच्या नावावरून त्याला यंग मॉड्युलस म्हणतात. पोलादासाठी तो साधारण दोन लाख आहे. त्याला पदार्थाचा ताठपणा म्हणा.

वजन २५ किलोवर नेलं की तार सव्वा मिलीमीटर लांबलेली असते आणि इथे गोष्ट पालटते. साध्या पोलादाचा हा टप्पा २५० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटरच्या आसपास येतो. फारसं वजन न वाढवताही तार लांबू लागते आणि आता वजन काढलं तरी ती पहिल्या लांबीवर येत नाही. याला यील्ड होणं म्हणतात. पण ती तुटलेली नाही. थोडी लांबल्यावर ती पुन्हा कडक होते, आणखी वजन पेलते, चाळीसेक किलोपर्यंत जाते. मग एका जागी बारीक होते, तिथे मान पडल्यासारखी दिसते आणि तिथेच तुटते. तोवर ती किती लांबलेली असते? दीडशे मिलीमीटर किंवा त्याहून जास्त. पहिल्या सव्वा मिलीमीटरच्या शंभरपटीहून अधिक.

मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. गणितात आपण त्या पहिल्या सव्वा मिलीमीटरच्या आत राहतो. माणसं वाचतात ती मात्र पुढच्या दीडशे मिलीमीटरमुळे. यील्ड झालेली तुळई वाकते, दारं अडकतात, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि लोकांना बाहेर पडायला वेळ मिळतो. या गुणाला तन्यता म्हणतात.

काचेशी तुलना केली की तन्यतेची किंमत कळते. काचेचा यंग मॉड्युलस सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे ॲल्युमिनियमएवढाच. सारख्या आकाराची काचेची पट्टी आणि ॲल्युमिनियमची पट्टी हलक्या भाराखाली सारख्याच वाकतात. भार वाढवत नेला की ॲल्युमिनियम यील्ड होऊन वाकडं होतं. काच कुठलीही सूचना न देता फुटते. ताठपणा तोच, स्वभाव वेगळा.

मग जास्त मजबूत पोलाद घाला की!

तुळई खाली झुकते आहे असं दिसलं की पहिली सूचना हीच येते. ती चुकीची आहे. मिश्रधातू करून, तापवून-विझवून पोलादाची यील्डची पातळी दुप्पट-तिप्पट वाढवता येते, पण त्याचा यंग मॉड्युलस जवळपास तसाच राहतो, कारण तो अणूंमधल्या बंधांवर ठरतो. साध्या पोलादाची तुळई १० मिलीमीटर झुकत असेल, तर त्याच मापाची उच्च ताकदीच्या पोलादाची तुळईही त्याच भाराखाली १० मिलीमीटरच झुकेल. फक्त मोडायला जास्त भार लागेल. वर, असं कडक पोलाद बहुतेक वेळा कमी ताणून घेतं आणि त्याला चिरेचं वावडं जास्त असतं.

झुकणं कमी करायचं तर आकार बदलावा लागतो. पोलादी फूटपट्टी घ्या, २५ मिलीमीटर रुंद आणि एक मिलीमीटर जाड. आडवी धरून वाकवली की सहज कमान होते. तीच उभी, कडेवर धरून वाकवायला गेलात तर ढिम्म हलत नाही. पदार्थ तोच, वजन तेच. पण वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या प्रमाणात आणि उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. पट्टी उभी केली की उंची २५ पट होते आणि रुंदी २५ पट घटते, त्यामुळे उभी पट्टी आडव्या पट्टीच्या तब्बल ६२५ पट ताठ असते. सोसण्याची ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून घटलेली रुंदी धरून ती २५ पट. (उभ्या पट्टीवर जोर वाढवतच गेलात तर ती बाजूला कलंडून पिळते. उंच आणि अरुंद तुळयांना आडवे आधार देतात ते त्यासाठी.)

असं का होतं? पट्टी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधोमध एक थर असा असतो की जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. या थरापासून जो भाग जितका लांब, तितकं जास्त काम तो करतो. मधला माल जवळजवळ रिकामा बसलेला असतो. म्हणून तो काढून टाकायचा आणि कडेला न्यायचा. पुलांच्या तुळया इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या असतात आणि सायकलचा सांगाडा पोकळ नळ्यांचा असतो, तो याच हिशेबाने. भिंतीतून पुढे आलेल्या तुळईचा विचार गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडला आणि ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते हे बरोबर ओळखलं. मात्र पूर्ण छेद ताणातच असतो असं त्याने धरलं होतं. ताण आणि दाब यांचा हिशेब नीट बसवला तो कुलोमने, १७७३ मध्ये.

गॅलिलिओची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठी केली तर छेद चौपट होतो, पण वजन आठपट होतं. म्हणजे स्वतःच्याच वजनाने येणारं प्रतिबल दुप्पट. छोटी प्रतिकृती टिकली म्हणून मोठी टिकेल, असा भरवसा धरता येत नाही.

ओढलं, दाबलं, पिळलं: दिशेने फरक पडतो?

खूप पडतो, आणि ते पाहायला खडूचा एक तुकडा पुरतो. दोन्ही टोकं धरून वाकवला तर तो मधोमध सरळ आडवा मोडतो. दुसरा तुकडा घ्या आणि कपडा पिळावा तसा पिळा. आता मोडलेली कड सरळ नसते. ती खडूभोवती वळसे घेत, साधारण ४५ अंशांच्या तिरक्या वाटेने गेलेली असते. पिळताना खडूच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त ताण येतो तो याच तिरक्या दिशेत. खडू ठिसूळ आहे, ताणाला कमकुवत आहे, म्हणून तो तिथे उघडतो. मऊ पोलादाची सळई तुटेपर्यंत पिळली तर ती आडवी, सपाट तुटते, कारण तिचे थर एकमेकांवरून घसरतात. तुटलेल्या तुकड्याच्या कडा पाहूनच तज्ज्ञ सांगू शकतात की जोर कसा आला होता.

काँक्रीटही खडूच्याच जातीचं. दाब ते उत्तम सोसतं, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच. म्हणून जिथे ताण येणार तिथे पोलादी सळया घालतात. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईत ताण खालच्या बाजूला असतो, सळया खाली. भिंतीतून पुढे आलेल्या छज्ज्यात ताण वरच्या बाजूला असतो, तिथे सळया वर हव्यात. काम करताना त्या पायाखाली दबून खाली बसल्या, तर सळया तेवढ्याच, सिमेंट तेवढंच, पण छज्जा आधार काढताच पडू शकतो.

दाबाचं आणखी एक वेगळं दुखणं आहे. तीच फूटपट्टी जमिनीवर उभी करून वरून दाबा. ती चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला वाकते. याला बकलिंग म्हणतात. ऑयलरने १७४४ मध्ये याचं गणित मांडलं: लांबी दुप्पट केली तर पेलणारा भार चौथाईवर येतो. त्या सूत्रात पदार्थाची ताकद कुठेच नाही, फक्त ताठपणा आणि आकार आहे. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडात क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार गेले. दाबातले खालचे अवयव असेच बाजूला वाकून निकामी झाले होते. ते वाकू लागल्याचं आधीच्या दिवसांत लक्षात आलं होतं, पण काम थांबलं नाही.

कालपर्यंत चाललं, मग आज कसं तुटलं?

हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर वस्तूच्या आत शोधावं लागतं.

ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडलं की भोकाच्या कडेला प्रतिबल जवळपास तिप्पट होतं. जोर पदार्थातून वाहतो अशी कल्पना करा. नदीच्या पात्रात खांब असला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी दाटीने, वेगाने जातं, तसा जोर भोकाच्या कडेला दाटतो. भोक जितकं चिंचोळं, टोक जितकं तीक्ष्ण, तितकी दाटी जास्त. जोराला आडवं, रुंदीच्या दहापट लांब असं लंबगोल भोक असेल, तर टोकापाशी प्रतिबल २१ पट. हे गणित इंग्लिसने १९१३ मध्ये केलं. चिरेचं टोक तर याहून कितीतरी तीक्ष्ण असतं. पुढे ग्रिफिथने दाखवलं की प्रत्येक प्रतिबलासाठी चिरेची एक धोक्याची लांबी असते. त्याहून लहान चीर जागच्या जागी थांबते, ती लांबी ओलांडली की चीर आपली आपण धावत सुटते.

आणि लहान चीर मोठी कशी होते? वारंवार येणाऱ्या भाराने. कागदाची पिन एकदा वाकवली तर तुटत नाही, पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते. तिथे प्रत्येक वेळी यील्ड होतं, म्हणून थोडक्यात आटोपतं. पण यील्डच्या खूप खालचा भारही लाखो वेळा आला तर हेच करतो. याला शिणवटा किंवा फटीग म्हणतात. रेल्वेचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, पाहा. गाडीचं वजन त्याला खाली वाकवतं. वरच्या बाजूला ताण असेल तर अर्ध्या फेरीनंतर तीच बाजू खाली येऊन दाबात जाते. एक मीटर व्यासाचं चाक किलोमीटरला ३१८ फेरे घेतं. हजार किलोमीटरच्या प्रवासात त्या आसाच्या प्रत्येक कणाने तीन लाखांहून जास्त वेळा ताण आणि दाब अनुभवलेला असतो. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून मोठा अपघात झाला, तेव्हा लोखंडाला नेमकं काय होतं हे कुणालाच उमगत नव्हतं. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलरने वर्षानुवर्षं आस फिरवून चाचण्या घेतल्या आणि दाखवलं की आयुष्य ठरतं ते भार किती वेळा आणि किती चढउताराने आला त्यावर.

विमानांनी हा धडा पुन्हा शिकवला. जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये दोन कॉमेट जेट विमानं हवेतच तुटली. तपास करणाऱ्यांनी अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि उड्डाणात भरतात तसा हवेचा दाब पाण्याने पुन्हा पुन्हा दिला. खऱ्या आणि टाकीतल्या मिळून सुमारे तीन हजार उड्डाणांनंतर धड फाटलं. सुरुवात पत्र्यात कापून केलेल्या एका उघड्या जागेच्या कोपऱ्यापाशी झाली होती. नव्या विमानाने पहिल्या दिवशी तो दाब निर्धास्त पेलला होता आणि शेवटच्या दिवशीही दाब तोच होता.

त्यामुळे ‘काल चाललं’ हा पुरावा ठरत नाही. कालच्या प्रत्येक फेरीने चीर केसभर वाढवलेली असते. आजचा भार निमित्त असतो.

भारच नाही, मग प्रतिबल कुठून आलं?

उष्णतेमुळे. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग इतकं प्रसरण पावतं. दोन भक्कम भिंतींमध्ये पक्की बसवलेली सळई ३० अंशांनी तापली तर तिला लांबायला जागाच नाही. मग आत ७२ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर दाब तयार होतो, साध्या पोलादाच्या यील्डच्या पाव हिश्शाहून अधिक, आणि तेही वर एक किलो न ठेवता. सळई एक मीटरची असो की दहा मीटरची, आकडा तोच येतो. पुलाच्या टोकांना फट आणि खाली सरकणारे आधार ठेवतात ते यासाठी. ते आधार गंजून जाम झाले, की चित्रात नसलेला भार पुलावर येऊन बसतो.

सुरक्षा गुणक तीन, म्हणजे तिप्पट भार चालेल ना?

नाही, आणि हा गैरसमज जिवावर बेततो. वस्तू जेवढं सोसू शकते त्याच्या एक तृतीयांशच तिच्याकडून घ्यायचं, हा झाला सुरक्षा गुणक तीन. ती उरलेली जागा शिल्लक म्हणून वापरायला ठेवलेली नसते. पोलादाची प्रत थोडी कमी निघाली, जोडकाम कच्चं राहिलं, गंजाने जाडी घटली, हिशेबात एखादा भार सुटला, या सगळ्यांसाठी ती आधीच राखून ठेवलेली असते. आणखी एक गोष्ट: भार अलगद न ठेवता एकदम सोडला, अगदी शून्य उंचीवरून, तरी क्षणभर दुप्पट प्रतिबल येतं. उंचीवरून आदळला तर त्याहून जास्त. हा गुणक बहुतेक वेळा स्थिर भारासाठी काढलेला असतो. वाढत्या चिरेला तो माहीतच नसतो.

विमानांत हा गुणक साधारण दीडच असतो, कारण प्रत्येक जादा किलो उडवावा लागतो. तरीही विमानं सुरक्षित असतात, कारण ठरलेल्या फेऱ्यांनंतर ती उघडून तपासली जातात आणि एक अवयव तुटला तर शेजारचा भार उचलेल अशी रचना केलेली असते.

या दोन्ही गोष्टी नसल्या तर काय होतं, हे अमेरिकेत ओहायो नदीवरच्या सिल्व्हर ब्रिजने दाखवलं. १९२८ मध्ये खुला झालेला हा पूल दोरांऐवजी डोळ्यासारखी भोकं असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर लटकलेला होता, आणि प्रत्येक कडीत पट्ट्या फक्त दोन. पोलाद उच्च ताकदीचं होतं. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, पूल गाड्यांनी भरलेला असताना, एक पट्टी तिच्या भोकापाशी तुटली. शेजारची पट्टी एकटी टिकली नाही आणि अख्खा पूल नदीत गेला. ४६ माणसं गेली. ज्या चिरेपासून सुरुवात झाली ती जेमतेम अडीच मिलीमीटर खोल होती. गंज आणि वारंवार येणारा भार यांनी ती चाळीस वर्षांत वाढवली होती, आणि ती अशा जागी होती की जोड सुटा केल्याशिवाय कुणाला दिसलीच नसती. या अपघातानंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी नियम आले. त्याच नदीवर सेंट मेरीज इथे त्याच पद्धतीने बांधलेला दुसरा पूल उभा होता. त्यावरूनही तोवर वाहतूक सुरळीत चालू होती. त्याच्या जोडांच्या आत काय चाललं आहे हे बाहेरून तपासायचा मार्ग नव्हता, म्हणून तो बंद करण्यात आला आणि १९७१ मध्ये पाडून टाकला.